लंडनचे दहा नंबरचे घर



लंडन शहरात ‘दहा नंबर’ म्हटले की कोणालाही ब्रिटनच्या पंतप्रधानांचे डाउनिंग स्ट्रीटवरील घर आठवते. परंतु त्याच लंडनच्या उत्तर भागात, प्रिमरोझ हिल नावाच्या टेकडीजवळ, किंग हेन्रीज रोड नावाचा एक शांत रस्ता आहे. त्या रस्त्यावरही एक दहा नंबर आहे. एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागून असलेल्या जुन्या घरांच्या रांगेतले हे घर. वरवर पाहिले तर शेजारच्या घरांत आणि त्यात काही फरक नाही. पण दर्शनी भिंतीवर एक गोल निळी पाटी आहे. भारताच्या सामाजिक न्यायाचे लढवय्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १९२१-२२ साली येथे राहत होते, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे.

आज हे घर आंबेडकर संग्रहालय आहे. तुमच्या-आमच्यापैकी फार थोड्यांना लंडनला जाण्याचा योग येईल. गिरणीत, पालिकेत, रेल्वेत, गोदीत आयुष्य काढलेल्या आपल्या माणसांना विमानाचे तिकीट कुठून परवडणार? पण त्या घराची हकीकत मात्र आपल्या प्रत्येक घरात माहीत असली पाहिजे, असे आम्हास वाटते. कारण ती नुसत्या विटा-मातीची हकीकत नाही. माणसाला राहायला जागा कोण देतो आणि कोण नाकारतो, याची ती हकीकत आहे.

बडोद्यात नाकारलेली खोली

ही कथा लंडनपासून सुरू करून चालणार नाही. ती बडोद्यापासून सुरू करावी लागेल.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास त्यांनी सुरू केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. अर्धा अभ्यास तसाच टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. ज्या बोटीने त्यांची पुस्तके येत होती, ती बोट महायुद्धात पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला.

करारानुसार ते बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, हुद्दा मोठा. पण गावात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत त्यांनी कसाबसा आसरा घेतला. जात कळताच अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. ओळखीच्या दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही वेगवेगळी कारणे सांगितली. मग कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

परदेशात शिकून आलेल्या पंडिताला स्वतःच्या देशात चार भिंतींची खोली भाड्याने मिळत नाही! घर भाड्याने शोधताना आडनाव विचारले जाते आणि मग ‘जागा गेली’ असे उत्तर मिळते, हा अनुभव आपल्या किती वाचकांनी घेतला असेल ते त्यांनीच आठवून पाहावे.

पुन्हा लंडन

अर्धवट राहिलेला अभ्यास बाबासाहेबांना स्वस्थ बसू देत नव्हता. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगारातून त्यांनी काटकसरीने पैसे साठवले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी मदतीचा हात दिला. नवल भथेना या पारशी मित्राकडून त्यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. वाचकांनी इथे जरा थांबावे. ज्या समाजातील काही लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले, त्याच समाजातला एक मित्र त्यांच्या मागे उभा राहिला. चांगली माणसे सर्व समाजांत असतात, हे विसरून चालणार नाही.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनच्या वाटेला लागले. खिशात मोजके पैसे, डोक्यात एकच ध्यास. त्या मुक्कामातल्या १९२१-२२ या काळात त्यांचा पत्ता होता १०, किंग हेन्रीज रोड.

ते त्या घराचे मालक नव्हते. तुमच्या-आमच्यासारखे भाडेकरू होते. पण इथे त्यांना काठी दाखवणारे कोणी नव्हते. भाडे भरावे, खोलीवर यावे, पुस्तक उघडावे. बडोद्यात जे मिळाले नाही, ते सात समुद्रापलीकडच्या परक्या शहरात मिळाले.

त्या काळच्या लंडनमधील त्यांच्या दिनक्रमाची हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहासारखे काही पेय घेऊन ते बाहेर पडत. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताच शिरत आणि बंद होईपर्यंत तिथे बसत. दुपारच्या जेवणावर खर्च करणे परवडत नसे. संध्याकाळी इतर ग्रंथालये आणि खोलीवरचा अभ्यास. भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. मध्यरात्र उलटली तरी दिवा जळत असे. खोलीतला सोबती ‘आता झोपा’ म्हणून विनवी. त्याला ते सांगत की, आपल्याकडे पैसाही नाही आणि वेळही नाही.

परळच्या चाळीत रात्री जिन्याखाली किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेल्या आपल्या मुलांना हे चित्र परके वाटणार नाही.

दुसरे घर : परळची चाळ

पण थांबा. लंडनच्या त्या खोलीची गोष्ट सांगताना आपण नेहमी एक घर विसरतो. ते म्हणजे परळच्या पोयबावडीची बी. आय. टी. चाळ. चाळ क्रमांक एक, खोली क्रमांक पन्नास आणि एक्कावन्न. तिथे माता रमाई होत्या. सोबत यशवंत, बाबासाहेबांच्या दिवंगत भावाचा मुलगा मुकुंद आणि घरातली इतर माणसे. मिळवता माणूस परदेशी. घरात पैसा नाही. रमाईंनी शेणी थापून संसार चालवला, असे आपल्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या आहेत. जात्यावर आणि पाळण्यापाशी रमाईचे नाव आजही घेतले जाते, ते उगाच नाही.

नोव्हेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून रमाईंना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. तान्हा गंगाधर आजारी असल्याचे कळून त्यांना वाईट वाटले होते. रमाईंचा लिहिण्या-वाचण्याचा अभ्यास चालू आहे हे वाचून आनंदही झाला होता. आपल्यालाही इथे पोटाची भ्रांत आहे, तरी पैशांची काही सोय करतो आहे, असे त्यांनी कळवले. आणि वेळच आली तर अंगावरचे दागिने विकून दिवस काढ, परत आल्यावर मी नवे करून देईन, असेही लिहिले. यशवंत आणि मुकुंद यांच्या अभ्यासाची चौकशी त्या पत्रातही होतीच.

साल पाहा. १९२१. म्हणजे निळ्या पाटीवरचेच साल. तिकडे दहा नंबरच्या घरात रात्री दिवा जळत होता, तेव्हा इकडे पन्नास नंबरच्या खोलीत चूल पेटण्याची चिंता होती. बाबासाहेब आणि रमाईंनी आपली चार मुले गमावली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. लंडनच्या घराचे भाडे पौंडात भरले गेले असेल, पण त्याची खरी किंमत परळच्या चाळीत चुकती झाली. ज्या घरातला मुलगा-मुलगी आज शिकते आहे, त्या घरातल्या माऊलीने हे लक्षात ठेवावे. आणि त्या मुला-मुलींनी तर ते अधिक लक्षात ठेवावे.

त्या खोलीने काय दिले?

जून १९२१ मध्ये बाबासाहेबांना लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी मिळाली. जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी. एस्सी. पदवीसाठी ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध सादर केला. इंग्रज सरकार रुपयाचा भाव कसा ठरवते आणि त्यात हिंदुस्थानच्या गरीब जनतेचे नुकसान कसे होते, याची परखड चिकित्सा त्यात होती. परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा लिहिण्यास सांगितले. पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले आणि इथूनच सुधारलेला प्रबंध पाठवला. विद्यापीठाने तो मान्य केला आणि त्याच वर्षी त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली. आपले निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नव्हते.

पुढे १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा, गोलमेज परिषदेत इंग्रज पंतप्रधानांसमोर ताठ मानेने बोलणारा आणि देशाची राज्यघटना लिहिणारा माणूस या अभ्यासातून घडला. म्हणून त्या खोलीचे महत्त्व.

घर विकायला निघाले

नव्वद वर्षे उलटली. घराचे मालक बदलत गेले. २०१४ साली हे घर विक्रीस निघाले. ते कोणी खाजगी धनिकाने घेतले असते तर पाटी राहिली असती, पण दार कायमचे बंद झाले असते.

ही गोष्ट प्रथम कोणाच्या लक्षात आली? ब्रिटनमधल्या आपल्याच माणसांच्या. १९५० नंतरच्या काळात पंजाबातून पुष्कळ आंबेडकरी कुटुंबे पोटासाठी इंग्लंडला गेली. ओतकाम कारखान्यांत, गिरण्यांत राबली. राबता राबता त्यांनी विहारे उभारली, जयंत्या सुरू केल्या, संघटना बांधल्या. अशा संघटनांचा एक महासंघ तिथे आहे : फेडरेशन ऑफ आंबेडकराइट अँड बुद्धिस्ट ऑर्गनायझेशन्स, यू. के. या महासंघाने घर विक्रीस निघाल्याचे भारतात कळवले आणि ते विकत घेऊन स्मारक करावे असा आग्रह धरला.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले. किंमत तीस लाख पौंडांहून अधिक. आपल्या रुपयांत तीस कोटींच्या वर. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एवढा पैसा एका घरावर कशाला, असेही काहींनी विचारले. प्रश्न विचारणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण दिल्ली-मुंबईत किती बंगले कोणाकोणाच्या नावे जतन केले आहेत, त्याचाही हिशेब अशा वेळी मांडावा लागेल.

आणि नोटीस आली

उद्घाटन झाले म्हणजे काम झाले, असे आपल्याला नेहमी वाटते. इथेच आपण चुकतो.

ते घर राहण्यासाठीचे होते. त्याचे संग्रहालय करायचे तर कॅम्डेन कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, वापर बदलण्याची परवानगी लागते. ती न घेताच संग्रहालय सुरू झाले होते. शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दीच्या आणि गोंगाटाच्या तक्रारी केल्या. मागाहून परवानगीचा अर्ज केला गेला, तो कौन्सिलने २०१८ मध्ये फेटाळला. घर पुन्हा राहण्यासाठीच वापरावे लागेल, अशी वेळ आली.

इथे आम्हास एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कौन्सिलचे म्हणणे अगदीच फोल नव्हते. लंडनमध्ये राहत्या घरांची टंचाई आहे, एक घर कमी होणे हे नुकसान आहे, असे ते म्हणत होते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसांचा संसार केलेल्या आपल्या समाजाला घराच्या टंचाईचे दुःख कोणी शिकवायला नको. शिवाय परवानगी आधी घेतली नाही, ही चूक होतीच. समोरचा प्रत्येक विरोधक जातीयवादीच असतो असे मानले, तर लढाई चुकीच्या दिशेने जाते. इथे मुद्दा कायद्याचा होता आणि त्याला उत्तरही कायद्यानेच द्यावे लागणार होते.

योगायोग असा की, त्याच २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने आणखी एक निर्णय जाहीर केला होता. जातीभेदाला समता कायद्यात स्पष्टपणे बंदी घालण्याची तरतूद तिथल्या संसदेने २०१३ मध्ये केली होती. पण सरकारने असा कायदा न करण्याचे ठरवले. जात समुद्र ओलांडून तिकडेही पोचली आहे आणि तिच्याविरुद्धचे काम तिकडेही अपुरे आहे, हे त्यावरून दिसते. अशा देशाच्या राजधानीत बाबासाहेबांचे एक घर लोकांसाठी उघडे असणे किती गरजेचे होते, ते वाचकांच्या ध्यानात येईल.

निर्णयाविरुद्ध अपील झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये रीतसर जाहीर चौकशी भरली. दोन्ही बाजूंचे वकील उभे राहिले. कागद, नकाशे, साक्षी झाल्या. हे घर बाबासाहेबांच्या जीवनात का महत्त्वाचे आहे आणि जगभरातल्या लोकांना ते का पाहावेसे वाटते, हे तिथे सांगितले गेले. कोणी दगड मारला नाही, कोणाला शिवी दिली नाही. बॅरिस्टर आंबेडकरांचे घर बॅरिस्टरांच्याच रीतीने लढवले गेले!

मार्च २०२० मध्ये निकाल आला. खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी अपील मान्य केले. एक राहते घर कमी होते हे खरे, पण संग्रहालयापासून होणारा लाभ त्याहून मोठा आहे, असा तो निर्णय होता. दहा नंबरच्या घराचे दार उघडे राहिले. शंभर वर्षांपूर्वी जिथे भाडेकरू म्हणून राहिले, तिथे बाबासाहेब आता कायमचे रहिवासी झाले.

आपल्या वस्तीतले दहा नंबर

हे सर्व लिहिण्यामागे आमचा एक हेतू आहे. लंडनचे घर वाचले ते पैशाने वाचले, हे खरे. पण त्याआधी ते वाचले पत्त्यामुळे. १९२१ साली एक विद्यार्थी कुठे राहत होता, याची नोंद राहिली म्हणून नव्वद वर्षांनी ते घर सापडले. आणि विक्रीची बातमी वेळेवर पाहणारी, पत्रे लिहिणारी, पाठपुरावा करणारी सामान्य माणसे होती म्हणून ते आपल्या हाती आले.

आता आपापल्या वस्तीकडे पाहा. बाबासाहेब ज्या चाळीत, ज्या गावात, ज्या मैदानावर आले, ती जागा आज कोणाला दाखवता येते का? १९५६ च्या दीक्षेला नागपूरला गेलेली म्हातारी माणसे आपल्या वस्तीत होती. त्यांनी काय पाहिले ते कोणी लिहून घेतले का? वस्तीतला पहिला मॅट्रिक झालेला मुलगा, पहिली नर्स झालेली मुलगी कोणत्या खोलीत शिकली? चाळी पडत आहेत, झोपडपट्ट्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. इमारत गेली की खुणा जातात. आणि नोंद नसली की पुढची पिढी विचारते, ‘खरेच असे काही होते का?’

तेव्हा माता-भगिनींनो आणि बांधवांनो, एक वही घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना एका रविवारी विहारातून आल्यावर समोर बसवा. ते कोणत्या साली कोणत्या खोलीत राहायला आले, भाडे किती होते, शेजारी कोण होते, पहिली जयंती कुठे झाली, ते मुलांना लिहून घ्यायला सांगा. जुन्या फोटोच्या मागे नाव आणि साल लिहा. जुन्या भाडेपावत्या, सभेची पत्रके, शाळेचे दाखले रद्दीत घालू नका. यासाठी तीस कोटी लागत नाहीत. एक वही आणि एक पेन्सिल पुरते.

आणि घरात जागा कितीही कमी असो, शिकणाऱ्या मुला-मुलीसाठी एक कोपरा आणि एक दिवा राखून ठेवा. परीक्षेच्या दिवसांत टीव्ही बंद ठेवा. लंडनच्या त्या घरात बाबासाहेबांना तेवढेच मिळाले होते; आणि परळला रमाईंनी स्वतः उपाशी राहून तेवढेच पुरवले होते.

जयभीम! नमो बुद्धाय!